मधलं बटण

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. ओढ्याकाठचं गवत आधी पिवळं पडलं, मग करडं झालं, आणि मग वाऱ्याबरोबर कुठे गेलं ते कुणाला कळलंही नाही. घरोघरच्या गाईंच्या बरगड्या दिसू लागल्या. लांबून चारा आणणं एकेकट्याच्या आवाक्यातलं राहिलं नाही. शेवटी सगळ्यांनी बसून ठरवलं, की गाई एकत्र ठेवायच्या. वस्तीबाहेर दूध संघाचा पत्र्याचा मोठा गोठा नवा कोरा पडून होता. तिथे पाण्याचा हौद होता, चाऱ्याचा ट्रक थेट दारात येणार होता, आणि धार काढायला मशीन होतं.

अट एकच होती. मशीनला हात लावायचा तर कॉम्प्युटरवरची शिकवणी पुरी करायची आणि परीक्षा द्यायची. घरटी एक माणूस. जो पास होईल तो आपल्या गाईंची धार स्वतः काढेल. नापास होईल त्याच्या गाईंची धार दुसरं कुणीतरी काढेल, आणि त्याने शेण भरायचं, चारा टाकायचा.

"शेण भरायला माझी ना नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण माझ्या ठिपकीच्या सडाला परक्याचा हात? मी जिवंत असताना?"

ठिपकी म्हणजे त्यांची तांबडी गाय. अंगावर पांढरे ठिपके, जणू कुणी चुना कालवून ब्रश झटकला होता. तिची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हा सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात, चुलीमागे, बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. अजूनही ती सासूबाईंचा खोकला ऐकला की मान वळवायची.

त्यांचा मुलगा दुधाची गाडी चालवायचा. तो जेवता जेवता हळूच म्हणाला, "आई, परीक्षेला हिला बसवूया का? हिला वाचायला पटपट येतं. तुला चष्मा लावूनही अक्षरं जुळवत बसावं लागतं."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून पाण्याची कळशी उतरवत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"मला नका मध्ये घेऊ," ती म्हणाली. "मला वाचता येतं, खरंय. पण ती गाय मला बघितलं की पाय उचलते, आणि आईंना बघितलं की डोळे मिटते. आता ठरवा."

तेवढ्यावर ते ठरलं.

शिकवणी गोठ्याशेजारच्या खोलीत होती. पूर्वी तिथे भुसा ठेवायचे. अजूनही जरा वारा आला की बारीक भुसा उडायचा आणि कुणी ना कुणी शिंकायचं. फळ्यांवर कॉम्प्युटर मांडले होते. शिकवायला शहरातून एक मुलगी स्कूटरवरून यायची. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट. सगळे तिला कॉम्प्युटरवाली म्हणायचे, तोंडावर ताई म्हणायचे.

पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना माउस धरायला शिकवलं. घड्याळ म्हणून एक थोराड गृहस्थ होते. दर थोड्या वेळाने 'किती वाजले हो' विचारायची सवय, म्हणून ते नाव. बिथरलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा माणूस, पण माउस त्यांनी मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत उचलला आणि पडद्यासमोर धरला.

"काका, टेबलावर ठेवा. टेबलावरच फिरवायचा."

"हलवला तर बाण पळतो की, ताई!"

"पळू दे. तुम्ही पण मागे जा."

"माझ्या वयात मी बाणाच्या मागे पळू?"

सासूबाईंच्या शेजारी रेडिओ बसायची. ती एकटी राहायची, तिच्या दोन काळ्या गाई होत्या, आणि सकाळी डोळे उघडल्यापासून तिचं तोंड सुरू असायचं, म्हणून हे नाव. पडद्यावर पांढऱ्या कोटातला माणूस बोलू लागला की रेडिओ त्याला उत्तरं द्यायची. तो म्हणाला, 'नमस्कार, आज आपण कासेची स्वच्छता शिकणार आहोत,' की ही म्हणायची, "शिकव बाबा, तुझा कोट तरी स्वच्छ दिसतोय."

धडे छान होते. चित्रं हलत होती, गाय अगदी खरी दिसत होती. पण खोलीत उकडायचं, पंखा नुसताच कुरकुरायचा, आणि पहाटेपासून राबलेली माणसं त्या शांत आवाजावर डुलक्या काढायची. धडा संपला की प्रश्न यायचे. प्रत्येक प्रश्नाखाली तीन बटणं. वरचं, मधलं, खालचं. बरोबर दाबलं की घंटी वाजायची आणि पडदा हिरवा व्हायचा. चुकलं की लाल, आणि बदकाने ओरडावं तसा मोठा 'पँ'.

तो 'पँ' साऱ्या खोलीला ऐकू जायचा. सासूबाईंचा तीनदा लागोपाठ वाजला तेव्हा पलीकडची दोन पोरसवदा माणसं हसली. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मग रेडिओने शोध लावला. प्रश्न दर वेळी तेच, त्याच क्रमाने. आणि बटणंही जागच्या जागी.

"वहिनी, डोकं कशाला शिणवता?" ती हौदापाशी कुजबुजली. तिची कुजबूज ओढ्यापर्यंत जायची. "पहिल्या धड्याचं पाठ करा. खालचं, मधलं, मधलं, वरचं. मी चाल लावलीय."

तिने खरंच चाल लावली होती. झाडू मारताना ती गुणगुणायची, खालचं मधलं मधलं वरचं, आणि झाडूही त्याच तालावर चालायचा. दोन दिवसांत सगळ्या गोठ्याला ते गाणं पाठ झालं. घड्याळ तर चारा तोडताना म्हणायचे. आठवडा संपताना खोलीत एकही 'पँ' वाजेना. नुसत्या घंट्या. प्रत्येकाच्या पडद्यावर वेलबुट्टीच्या चौकटीत 'अभिनंदन' आलं. कॉम्प्युटरवालीने टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सगळे शंभर टक्के!" ती म्हणाली. "पहिल्यांदाच असं झालं."

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गुडघ्यापर्यंत गमबूट, बाह्या वर सारलेल्या. मशीन सुरू करून द्यायच्या आधी त्यांना सगळ्यांशी एकदा बोलायचं होतं. खोलीत नाही, गोठ्यात, गाईंच्या पुढ्यात. त्यांनी सासूबाईंपासूनच सुरुवात केली.

"मावशी, काळ्या वाटीत पहिल्या धारा काढल्या आणि दुधात गाठी दिसल्या. आता काय कराल?"

सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. "मधलं."

"काय मधलं?"

"मधलं बटण."

"चुकताय वहिनी," मागून घड्याळ दबक्या आवाजात म्हणाले. "गाठींचं वरचं आहे. मधलं ते सड पुसायचं."

"वरचं," सासूबाईंनी दुरुस्ती केली.

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गाईकडे पाहिलं. "या गाईला बटण कुठे आहे ते दाखवा बरं मला," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. रेडिओ हसली, घड्याळ हसले, सगळा गोठा हसला. सासूबाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. कॉम्प्युटरवाली दारात उभी होती. ती हसली नाही.

हसणं ओसरल्यावर डॉक्टरीणबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "हाताने धार काढताना एक गाय आजारी असली तर एकच आजारी असते. मशीनचे कप एकीचे काढून दुसरीला लागतात. गाठी बघायचं राहिलं, तर आठवड्यात निम्मी दावण आजारी पडेल. मी पुढच्या महिन्यात परत येते. प्रश्न गाईशेजारी विचारीन, आणि करून दाखवायचं. तोवर मशीन संघाची माणसं चालवतील."

संघाची दोन माणसं चांगली होती, हात हलका होता. पण ठिपकीने त्यांना पाहिलं आणि पान्हा चोरला. कप लागले, नळी थरथरली, आणि दूध आलं ते मांजराला पुरेल एवढं. सासूबाई हातात शेणाची पाटी घेऊन बघत उभ्या राहिल्या. ठिपकी मान वळवून वळवून त्यांच्याकडे बघत होती. सासूबाईंनी पाटी डोक्यावर घेतली आणि उकिरड्याकडे निघून गेल्या.

घरी आल्यावर नातीने दारातच गाठलं. ती दुसरीत होती. एका जागी कधी बसायची नाही म्हणून तिला खारूताई म्हणायचे.

"आजी, तू नापास झालीस?"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. "झाले बाई. पालथ्या घड्यावर पाणी. इतके दिवस ऐकलं, एक अक्षर आत उतरलं नाही."

"मग आता काय करणार?"

"ते तूच सांग."

खारूताईने विचार केला. "शाळा शाळा खेळूया," ती म्हणाली. तिला सगळ्यावर तेच औषध माहीत होतं.

सून भांडी घासत होती. तिने हातातला रबरी मोजा काढला, नळाखाली धरून पाण्याने भरला, तोंड सुतळीने आवळून बांधलं आणि खुर्चीच्या पाठीला टांगला. चार बोटं खाली लोंबायला लागली. अंगठा तिने आत मुडपून बांधून टाकला. मग सुईने बोटांना एकेक बारीक भोक पाडलं.

"घ्या," ती म्हणाली. "ही तुमची ठिपकी. लाथ मारणार नाही एवढीच खोट."

खारूताई धावतच येऊन बसली आणि तिने एक बोट धरून ओढलं.

"अगं, अगं! आधी हात धू!" सासूबाई ओरडल्या.

"का?"

"का म्हणजे? तुझ्या हाताची घाण सडाला लागेल."

"मग?"

"मग तिथून ती आत शिरेल. सडाला भोक असतं ना, त्यातून."

"धुतले. आता ओढू?"

"थांब. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत."

"काळ्याच का? आपल्याकडे पिवळी आहे."

सासूबाईंनी मोज्याकडे पाहिलं. हे त्यांनी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. "दूध पांढरं," त्या सावकाश म्हणाल्या, "गाठीही पांढऱ्या. पिवळीत दिसायच्या नाहीत. काळ्यावर दिसतात." आणि बोलता बोलता त्यांना पडद्यावरचा तो कोटवाला आठवला, त्याच्या हातातली वाटी आठवली, त्याने ती उजेडाकडे कशी तिरपी धरली होती तेही आठवलं. तो माणूस इतके दिवस डोक्यात कुठल्यातरी कोपऱ्यात बसून होता. कुणी 'का' म्हणून हाक मारायचीच खोटी होती.

दुसऱ्या संध्याकाळी खारूताईने मुद्दाम गंमत केली. हात धुतले, आणि वाटी बाजूला ठेवून मोज्याला सरळ चार पेले लावायला निघाली. डोळे मात्र आजीकडे.

"अगं वाटी! वाटी कुठे गेली?"

"राहिली वाटतं," खारूताई म्हणाली आणि खो खो हसत सुटली.

तिला खेळ सापडला होता. एकदा ती सगळ्या सडांना एकच फडकं वापरायची, एकदा औषधात बुडवायचं विसरायची, एकदा धार झाल्या झाल्या गाईला म्हणायची, "बस हं गाई, दमलीस." आजी दर वेळी उसळायची. "बसवायचं नाही! सडाचं तोंड अजून उघडं असतं. बसली की शेण लागेल. चारा टाक पुढे, म्हणजे ती उभी राहील!"

"आई, शेजारी ऐकताहेत," सून आतून म्हणायची.

"ऐकू देत. त्यांच्याही गाई आहेत."

पण एका गोष्टीपाशी गाडं अडलं. खारूताईने कप ओढून काढल्यासारखं केलं आणि आजीकडे पाहिलं.  "बरोबर केलं का मी?" खारूताईने विचारलं. आजीला माहीत नव्हतं. कप आधी काढायचे की हवेचा खटका आधी बंद करायचा? रात्रभर ते कुसळासारखं टोचत राहिलं.

सकाळी त्या भुशाच्या खोलीत गेल्या. कॉम्प्युटरवाली एकटीच बसली होती, हनुवटी हातावर टेकून.

"ताई, तो कप काढायचा धडा लाव. सगळा नको. हवा आधी बंद करायची का नंतर, तेवढंच बघायचंय."

मुलीने वर पाहिलं. इतक्या दिवसांत कुणी तिच्याकडे काही मागायला आलं नव्हतं. तिने धडा लावला. सासूबाई खुर्चीच्या कडेवर, मान पुढे काढून बसल्या. कोटवाल्याने खटका बंद केला, क्षणभर थांबला, आणि कप आपोआप सैल होऊन त्याच्या तळहातात आले.

"आधी बंद!" सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "नाहीतर सड खेचला जाईल. बरोबर. दुखेल की तिला. बंद कर आता."

"एवढंच?"

"एवढंच अडलं होतं." त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. "पोरी, राग मानू नकोस. तू सगळं बरोबर सांगतेस ना, म्हणून आम्हाला झोप येते. जरा चुकून दाखव."

"चुकून?"

"आमच्या घरी ये. माझी मास्तरीण दुसरीत आहे, पण तिच्यासारखं चुकायला कुणाला जमत नाही."

कॉम्प्युटरवाली खरंच आली. उंबऱ्यावर बसून तिने खारूताईचा तास पाहिला. एकदाही मध्ये बोलली नाही. जाताना सुनेकडून एक जुना मोजा मागून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी भुशाच्या खोलीत पाण्याने भरलेला मोजा खिडकीच्या गजाला टांगलेला होता. तिने धड्याचा छोटासा तुकडा दाखवला, पंखा कुरकुरायच्या आत संपेल एवढा. पडदा बंद केला. मग स्वतः मोज्यापाशी गेली आणि वाटी न घेता कप लावायला निघाली.

 मग घड्याळ खुर्ची मागे ढकलून उभे राहिले. "ओ ताई! काय चाललंय? गाठी कोण बघणार, तुमचा कोटवाला?"

"का बघायच्या, काका?"

"का म्हणजे?" घड्याळांनी आजूबाजूला मदतीसाठी पाहिलं. "का हो वहिनी?"

"मला नका विचारू," सासूबाई म्हणाल्या. "बाण पळाला, तुम्ही पण मागे जा."

घड्याळ गेले. अडखळत, घाम पुसत, पण उत्तरापर्यंत पोचले. सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी तोंडाने घंटी वाजवली. त्या दिवशी त्यांनी वेळ विचारली नाही.

तेव्हापासून झोप कुणाला आली नाही. मुलीने बटणं दर वेळी उलटीपालटी करून ठेवली, म्हणून रेडिओची चाल निरुपयोगी झाली. "माझं गाणं पाडलंत," ती कुरकुरली, पण लगेच नवा उद्योग काढला. हौदावर पाणी भरायला येईल त्याच्या बादलीवर हात ठेवून ती विचारायची, "काल काय शिकलास?" आणि उत्तर आल्याशिवाय बादली सोडायची नाही. कालचं आलं तर परवाचं विचारायची. कॉम्प्युटरवालीने ते पाहिलं आणि तिलाही पटलं. तीही मग मागच्या आठवड्यातलं एखादं, सगळे विसरले असतील असं वाटलं की नेमकं तेच काढायची. कुणाला आठवायचं नाही. डोकं खाजवायचे, एकमेकांकडे बघायचे, कुणीतरी निम्मं सांगायचं, दुसरा निम्मं जोडायचा. असं एकदा खणून काढलेलं मग सहज विसरायचं नाही.

घरात तर सुनेने कहरच केला.

"मीठ दे गं," सासूबाई जेवताना म्हणाल्या.

"देते. आजारी गाईची धार कधी काढायची?"

"अळणी जेवू का मी?"

"कधी काढायची, आई?"

"शेवटी! सगळ्यांच्या शेवटी! दे आता!"

"का शेवटी?" खारूताईने तोंडात घास असतानाच विचारलं.

मुलगा ताटावरून उठला. "मी गाडीत जेवतो," तो म्हणाला. "या घरात पोटात काही जायचं तर आधी परीक्षा द्यावी लागते." पण दारात थांबून त्याने विचारलं, "खरंच, का शेवटी?" आणि सासूबाईंनी त्याला ऐकवलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासूनच गरम वारा सुटला होता. गोठ्याचे पत्रे खडखडत होते. डॉक्टरीणबाई आल्या आणि एकेकाला त्याच्या गाईपाशी उभं करू लागल्या. घड्याळ पहिले. त्यांचं काम कुठेच चुकलं नाही. शेवटी औषधात सड बुडवून त्यांनी गाईपुढे चारा टाकला आणि विचारायच्या आधीच ओरडून सांगितलं, "उभी राहावी म्हणून!" रेडिओने सगळं बरोबर केलं, फक्त गप्प राहून करायला तिला जमलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंडाला मार्क नाहीत, हाताला आहेत. पास."

मग सासूबाई. सून आणि खारूताई कुंपणाबाहेर उभ्या होत्या. खारूताईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

सासूबाई खोकल्या. ठिपकीने मान वळवली. त्यांनी हात धुतले, वाटी घेतली, वाकल्या. पहिला सड. धार काळ्यावर पडली, स्वच्छ. दुसरा, स्वच्छ. तिसऱ्या सडातून धार आली आणि वाटीच्या तळाला बारीक, रवाळ असं काही चिकटून राहिलं. त्यांनी वाटी उजेडाकडे तिरपी केली. गाठी होत्या. फार नव्हत्या. पण होत्या.

 डॉक्टरीणबाई गाईच्या पलीकडच्या बाजूला, मशीनचा काटा बघत होत्या. वाटीत काय आहे ते फक्त सासूबाईंना दिसत होतं. महिनाभर ज्यासाठी जीव टाकला, ते कप समोर लटकत होते. आणि ठिपकीला कप लावायचे नाहीत, तर परीक्षा द्यायची कशी? आज राहिली तर पुन्हा महिना, पुन्हा शेणाची पाटी, पुन्हा परका हात. वाटी नुसती विसळली तर कुणाला काही कळलं नसतं.

सासूबाईंनी वाटी वर धरली.

"बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "हिला आज मशीन लागायचं नाही."

डॉक्टरीणबाई इकडे आल्या. वाटी घेतली, बघितली. "मग?"

"मग हिच्या पायाला लाल फीत बांधायची, म्हणजे कुणी चुकून कप लावणार नाही. सगळ्यांच्या शेवटी, हाताने काढायची. बादली वेगळी. दूध कॅनमध्ये ओतायचं नाही, टाकून द्यायचं. आणि तुम्हाला सांगायचं. ते आत्ता सांगितलं."

"का शेवटी?"

"बाकीच्यांना लागू नये म्हणून!" हे उत्तर सासूबाईंनी दिलं नाही. ते सगळ्या दावणीवरून आलं, घड्याळांच्या जाड आवाजापासून कुंपणाबाहेरच्या किनऱ्या आवाजापर्यंत.

"मी मावशींना विचारलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी तिसऱ्या सडाला हलकेच चाचपून पाहिलं. "वेळेवर सापडलंय. सूज नाही अजून. चार दिवस औषध दिलं की मोकळी होईल. मशीन त्या काळीला लावून दाखवता?"

रेडिओच्या दुसऱ्या काळ्या गाईची धार अजून काढायची राहिली होती. सासूबाईंनी पुन्हा साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. स्वच्छ वाटी घेतली, स्वच्छ फडकं घेतलं. काळीने एकदा पाय उचलला. "गप," सासूबाई म्हणाल्या, आणि तिने पाय ठेवला. कप लागले. नळीतून पांढरी धार पळायला लागली. दूध ओसरल्यावर त्यांनी खटका बंद केला, क्षणभर थांबल्या, आणि कप सैल होऊन त्यांच्या तळहातात आले.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पास. वाटी दाखवलीत तेव्हाच झाला होतात, मला फक्त मशीन बघायचं होतं."

खारूताई कुंपणाखालून घुसली आणि आजीच्या कमरेला बिलगली. रेडिओचं तोंड सुरू झालं, ते थांबवायला कुणी गेलं नाही. घड्याळांनी मुलाला गाडीवर फोन करून सांगितलं, आणि मुलाने रस्त्यातच हॉर्न वाजवला, तो फोनमधून सगळ्यांनी ऐकला. कॉम्प्युटरवाली भिंतीला टेकून उभी होती, पांढऱ्या बुटांवर शेणाचे शिंतोडे. ती हसत होती आणि नाक पुसत होती.

सगळ्या गाईंचं उरकलं, मशीन बंद झालं. गोठा एकदम शांत वाटला. सासूबाई वेगळी बादली घेऊन ठिपकीपाशी बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी वर पाहिलं.

"ताई, तू कधी धार काढलीयस का?"

"मी?" मुलगी दचकली. "नाही हो काकू. मोज्याची काढली तेवढीच."

"मग ये. हात धू."

"ही मला काढू देईल? ती तर कुणालाच..."

"मी आहे ना. आणि हे दूध तसंही टाकायचंय. सांडलं तरी कुणी ओरडणार नाही. शिकायला याहून चांगलं दूध मिळायचं नाही तुला."

कॉम्प्युटरवालीने हात धुतले. ओळखपत्र काढून सुनेकडे दिलं आणि उकिडवी बसली. सासूबाईंनी तिचा हात धरून चांगल्या सडावर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. ठिपकीने मान वळवून पाहिलं.

"हिला सांग, तू कोण ते."

"गाईला?"

"मग काय मला?"

"मी... मी ताई आहे," मुलगी गाईला म्हणाली. दावणीवर कुणीतरी हसलं.

"ओढू नकोस. अंगठा वर, मग एकेक बोट मिटत खाली ये. नुसतं मिटत ये."

ठिपकीने डोळे मिटले. पहिली धार बुटावर गेली, दुसरी बादलीच्या काठावर. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी आपला हात हळूच काढून घेतला, आणि धार बरोबर बादलीत पडली.